विषय लहान करा, संशोधन पूर्ण होईल



दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्या गटांवर एकच विचारणा सुरू होते. ‘कुणाकडे कृतिसंशोधनाची तयार फाइल आहे का? वर्ड फाइल असेल तर बरं.’ मग कुणीतरी पाठवतं. शाळेचं नाव, पटसंख्या आणि तारीख बदलली जाते. चाळीस पानं स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात जातात. कुणाचं काही बिघडत नाही, आणि कुणाला काही कळतही नाही.

आजचा लेख या फाइलबद्दल नाही. ज्यांना खरंच काहीतरी शोधायचंय, कुणी सांगितलेलं नसताना, विद्यापीठ पाठीशी नसताना, मार्गदर्शक नसताना, त्यांच्यासाठी हे लिहितोय. असे शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार बहुतेक एकच असते : ‘सर, सुरुवात केली होती, पण पूर्ण झालं नाही.’ विचारलं का, तर उत्तर येतं, ‘वेळच मिळत नाही.’

वेळ मिळत नाही हे खरंच आहे. शालेय पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, बीएलओची ड्यूटी, अचानक आलेली लिंक आणि ‘आज पाचपर्यंत भरा’ असा निरोप, हे सगळं मीही करतो. तरीही माझं मत असं झालंय की आपलं संशोधन वेळेअभावी कमी आणि विषयाच्या आकारामुळे जास्त अडतं. हे मत मला तीन वर्षं वाया घालवून मिळालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी तीन वर्षं

२०१६ साली मी एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विषय लिहिला : ‘ग्रामीण भागातील प्राथमिक विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील अडचणींचा चिकित्सक अभ्यास’. नाव लिहून झाल्यावर फार बरं वाटलं. वाटलं, निम्मं काम झालं.

पुढे काय केलं? शोधगंगेवरून प्रबंध उतरवून घेतले. एका पेनड्राइव्हमध्ये ‘संदर्भ’, त्यात ‘महत्त्वाचे’, त्यात ‘अतिमहत्त्वाचे’ असे फोल्डर केले. प्रश्नावली तयार केली, ती दोनदा बदलली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग बसू म्हणून ठरवलं, आणि त्या सुट्टीत घरचं लग्न निघालं. दिवाळीत बसू म्हटलं, तर प्रशिक्षण लागलं. तीन वर्षांनी त्या वहीत अकरा पानं भरलेली होती, आणि त्यांतल्या एकाही पानावर माझ्या वर्गातल्या एकाही मुलाबद्दल काही नव्हतं.

त्याच वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती. दुसरीत असताना ‘सत्तावन्न लिही’ म्हटलं की ती ७५ लिहायची. मी लाल फुली मारायचो. प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘गणितात अधिक सराव आवश्यक’. आपण सगळेच हे वाक्य लिहितो, त्याला अर्थ फार नसतो. तिची आई आठवडे बाजारात भाजी विकायची. मी एकदा भाजी घेतली तर हिशेब त्या पोरीनंच केला. पन्नासची नोट घेतली, उरलेले पैसे बिनचूक माझ्या हातावर ठेवले. मला कौतुक वाटलं. विचार मात्र आला नाही. आमची शाळा चौथीपर्यंत. २०१९ साली ती दाखला घेऊन गेली.

त्याच जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून राज्यभर वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’ असं वाचायची पद्धत बालभारतीनं पुस्तकात आणली होती. विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे त्यावर बोलले. काही म्हणाले मराठीची मोडतोड झाली, काही म्हणाले मुलांना सोपं जाईल. आमच्या शिक्षण परिषदेतही विषय निघाला. मीही हिरिरीनं बोललो. एका ताईंनी शांतपणे विचारलं, ‘सर, तुमच्या वर्गातली किती मुलं उलट लिहितात?’

माझ्याकडे मत होतं, नोंद नव्हती. गणितातल्या अडचणींवर तीन वर्षं ‘संशोधन’ करणारा माणूस या एका साध्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकला नाही.

प्रश्न किती लहान असावा?

आपल्याच पेशातलं एक उदाहरण घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, शिष्यवृत्ती नाही. त्यांनी शोधलेला स्थिरांक आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून शिकवला जातो.

त्यांचा प्रश्न बघा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतली.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा केलं तर ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी तिथंच थांबते. अशी कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. चौथीच्या मुलालाही करून बघता येईल असा हा शोध आहे. कापरेकरांना ‘संख्याशास्त्राचा चिकित्सक अभ्यास’ करायचा नव्हता. त्यांना एवढंच बघायचं होतं की हे पुन्हा पुन्हा केलं तर काय होतं. त्या काळच्या गणितज्ञांनी त्यांना फारसं गांभीर्यानं घेतलं नाही. पुष्कळसं लेखन त्यांनी स्वतःच छोट्या पुस्तिकांच्या रूपात छापलं. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव सर्वदूर पोचलं.

तुम्ही म्हणाल, ‘सर, काही विषय मोठेच असतात.’ असतात ना! शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शिक्षकच. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पण तो ग्रंथ उघडून बघा. एकेक सिद्धांतग्रंथ, एकेक करणग्रंथ, त्याचा काळ, त्यातलं गणित असं ते पुढे जातात. मोठं काम हे लहान कामांची रांग असतं. आपण रांगेत उभं न राहता थेट शेवटच्या टोकाला पोचायला बघतो.

म्हणून पहिली गोष्ट : तुमच्या विषयाला चार प्रश्न विचारा. कोण? काय? केव्हा? किती वेळा? माझा मोठा विषय या चार प्रश्नांखाली धरला तेव्हा तो असा झाला : ‘माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलं दोन अंकी संख्या ऐकून लिहिताना अंकांची अदलाबदल करतात का, आणि कोणत्या संख्यांत करतात? दिवाळीनंतरचे बारा शनिवार.’

हे नाव कुठल्याही मुखपृष्ठावर शोभणार नाही. पण ते पूर्ण झालं.

बारा शनिवार

दुसरी गोष्ट वेळेची. सलग वेळेची वाट बघू नका, तो येत नाही. त्यापेक्षा एक ठरलेला लहान वेळ पकडा. मी शनिवार घेतला, कारण सकाळची शाळा असते आणि परिपाठानंतरची वीस मिनिटं मला सहसा कुणी मागत नाही. दहा संख्या सांगायच्या, मुलांनी लिहायच्या, कागद गोळा करायचे. घरी गेल्यावर नाही, शाळेतच, कुलूप लावायच्या आधी वहीत नोंद करायची. सोमवारी करू म्हटलं की ती नोंद गेली असं समजा.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : ‘बरोबर’ आणि ‘चूक’ लिहू नका. मुलानं काय लिहिलं ते जसंच्या तसं लिहा. आपल्याला गुण द्यायची इतकी सवय आहे की आपण चूक मोजतो, वाचत नाही. सत्तावन्नला ७५ लिहिणारं मूल, ५०७ लिहिणारं मूल आणि ५८ लिहिणारं मूल या तिघांनाही आपण शून्य गुण देतो. पण तिघांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या आहेत. पहिलं मूल जसं ऐकतं तसं लिहितं. आधी ‘सत्ता’ ऐकू आलं, सात लिहिला. मग ‘वन्न’, पाच लिहिला. त्याच्या कानाची चूक नाही, आपली भाषाच एकक आधी सांगते. हिंदीतही तसंच आहे. इंग्रजीत किंवा आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये मात्र दशक आधी येतो. दुसरं मूल पन्नास आणि सात वेगवेगळे मांडतंय. तिसऱ्याचा कदाचित नुसता ऐकण्यात घोटाळा झालाय. उपाय तिघांसाठी वेगळा लागणार.

आणखी एक लहानशी युक्ती सांगतो. पहिल्या शनिवारी मी संख्यांत ४४ आणि ६६ घातल्या होत्या. त्या उलट लिहिल्या तरी कळणार कसं? साधी गोष्ट, पण कागद हातात आल्यावर लक्षात आली. म्हणून पहिली फेरी ही चुकण्यासाठीच असते असं समजा. तयारी करत वर्ष घालवण्यापेक्षा एकदा चुकून बघणं स्वस्त पडतं.

चौथ्या शनिवारपासून मी एक भर घातली. तेच अंक वेगळ्या दिवशी काड्यांनी दाखवले. पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या टेबलावर ठेवायच्या, तोंडानं काही बोलायचं नाही, आणि किती ते लिहायला सांगायचं. ऐकून ७५ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काड्या बघून ५७ लिहिलं. म्हणजे त्यांना दशक-एकक कळत होतं. अडत होतं ते संख्येच्या नावापाशी. इतकी वर्षं मी त्यांना दशक-एककाचाच सराव देत होतो, जो त्यांना येत होता.

दाखवा, लपवू नका

चौथी गोष्ट. एकट्यानं संशोधन करायचं म्हणजे एकट्यानं विचार करायचा असं नाही. तुमची कच्ची वही कुणाला तरी दाखवा. तज्ज्ञच पाहिजे असं काही नाही. मी ती शिक्षण परिषदेतल्या त्याच ताईंना दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, ‘सर, अदलाबदल दिसतेय, पण एकोणसाठला मुलं ६९ का लिहितायत?’

मी ते पाहिलंच नव्हतं. मी अदलाबदल शोधत होतो, म्हणून मला अदलाबदलच दिसत होती. ‘एकोणसाठ’मध्ये मुलाला ‘साठ’ ऐकू येतं, म्हणून दशकाच्या जागी सहा, आणि नऊ तर पाठच असतो. एकोणतीसला ३९, एकोणपन्नासला ५९. ही चूक उलट लिहिण्याची नव्हतीच. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी. पुढच्या आठवड्यात तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी असा खेळ घेतला, आणि वहीत त्या तारखेला लाल रेघ मारून लिहिलं : ‘आज शिकवण्यात बदल केला.’ हे लिहिणं विसरू नका. नाहीतर नंतर मुलं सुधारली ती कशामुळे, हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.

मुलांची नावं मात्र वहीत नकोत. क्रमांक द्या. उद्या ती वही कुणाच्याही हातात पडली तरी कुठल्या मुलाला कुणी ‘उलटं लिहिणारा’ म्हणता कामा नये.

वाचन कधी करायचं?

पाचवी गोष्ट वाचनाची. वाचू नका असं मी मुळीच म्हणत नाही. पण प्रश्न हातात नसताना केलेलं वाचन हा लिहिणं टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. माझ्या पेनड्राइव्हमधल्या त्या प्रबंधांतले दोन मी पुन्हा उघडले ते सहाव्या शनिवारनंतर. तेव्हा मला काय शोधायचंय ते माहीत होतं, म्हणून अनुक्रमणिका बघून नेमकी पानं काढली आणि एका रविवारी वाचून संपवली. आधी स्वतःची दहा पानं नोंद, मग दुसऱ्यांची पानं. उतरवून ठेवलेलं म्हणजे वाचलेलं नव्हे, आणि वाचलेलं म्हणजे केलेलं नव्हे.

आणि थांबायचं कधी?

सहावी गोष्ट म्हणजे शेवटची तारीख. स्वतंत्र काम करणाऱ्याला तारीख कुणी देत नाही, म्हणून ती स्वतःच घालून घ्यावी लागते. बारा शनिवार म्हणजे बाराच. ‘अजून थोडी माहिती मिळाली तर’ हा मोह बाजूला ठेवायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये माझा बारावा शनिवार झाला आणि मी चार पानं लिहिली. काय विचारलं, काय केलं, काय दिसलं, काय कळलं नाही. चौथं पान सगळ्यात लांब झालं. पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. थोडं थांबलो असतो तर तेही राहिलं असतं.

या चार पानांनी ‘पन्नास सात’ बरोबर की ‘सत्तावन्न’ याचा निकाल लागला का? नाही. एका वर्गाच्या बारा शनिवारांवरून असा निकाल लावणं हा उद्धटपणा होईल. पण माझ्या वर्गात सोमवारी काय करायचं याचा निकाल लागला. दुसऱ्या शाळेतल्या कुणी असेच बारा शनिवार केले, तिसऱ्या शाळेतल्या कुणी केले, तर पुढच्या वेळी वाद होईल तेव्हा आपल्यापाशी मतांशिवाय आणखीही काहीतरी असेल.

इथं खात्यालाही एक विनंती करावीशी वाटते. आमच्याकडून संशोधन हवं असेल तर पानं मोजू नका. प्रस्तावना, गरज, महत्त्व, व्याप्ती, मर्यादा, गृहीतके या साच्यात चाळीस पानं भरायला लावली की माणूस साचा भरतो आणि वर्ग विसरतो. चार खरी पानं मागा. तीही वर्षाच्या शेवटी नको, वर्ष चालू असताना मागा, म्हणजे वही डोळ्यांसमोर राहील.

शेवटी त्या मुलीचं. चार पानं लिहून झाल्यावर मी कपाटातली जुनी चाचणीपत्रिकांची फाइल काढली. तिचे तीन कागद सापडले. सत्तावन्नला ७५, चौतीसला ४३, त्रेसष्टला ३६. तोंडी सांगितलेली सगळी गणितं चूक. आणि त्याच कागदावर खाली, जिथं गणितं फळ्यावर अंकांत लिहून दिली होती, तिथं एकही चूक नाही. तीन कागद, सगळीकडे तोच प्रकार, आणि सगळीकडे माझी लाल फुली. तिला सराव नको होता. तिला कुणीतरी पाच मिनिटं काढून सांगायला हवं होतं की आपण बोलताना सात आधी म्हणतो, लिहिताना पाच आधी लिहितो.

हे कागद त्या तीनही वर्षांत माझ्याच कपाटात होते. मी त्या वेळी ‘गणित विषयातील अडचणींचा चिकित्सक अभ्यास’ करत होतो.

म्हणून म्हणतो मित्रांनो, तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर जो मोठा विषय लिहिलेला असेल, तो राहू द्या तिथंच. पान उलटा. उद्याच्या वर्गात दिसू शकेल असा एक लहानसा प्रश्न लिहा, त्याच्याखाली एक वार आणि शेवटची तारीख टाका. आणि कपाटात जुन्या पत्रिकांची फाइल असेल तर ती या शनिवारी काढून बघा. गुण बघू नका. मुलांनी काय लिहिलंय ते वाचा.